भंडारदऱ्याचा तलाव मे महिन्यात कुठे जातो?

गेल्या मे महिन्यात माझ्या मावसभावाचा भंडारदऱ्याहून फोन आला. आवाज तापलेला. "दादा, फसवणूक आहे रे ही सरळ सरळ. बुकिंगच्या फोटोत तंबूच्या दारात निळंशार पाणी होतं. इथं तंबूपासून पाण्यापर्यंत पोचायला दहा मिनिटं भेगाळलेला चिखल तुडवावा लागतोय. तलाव गेला कुठे?"

फोटो खोटा नव्हता. तो ऑक्टोबरचा होता, एवढंच.

मी त्याला म्हटलं, ज्याचा तंबू आहे त्यालाच विचार. त्यानं विचारलं आणि फोन चालू असतानाच मला उत्तर ऐकू आलं. "पाणी व्हय? ते उसात गेलं की सायेब."

हे वाक्य नीट उलगडलं की सह्याद्रीतला कुठलाही तलाव कधी बघायला जावा, कुठे उतरावं आणि कुठे उतरू नये, हे बऱ्यापैकी कळतं. म्हणून तेच उलगडू.

सुरुवात जरा आधीपासून करायला हवी. सह्याद्रीच्या डोंगरात आपण ज्यांना तलाव म्हणतो, ते जवळपास सगळे माणसानं केलेले आहेत. नैसर्गिक तलाव व्हायचा तर आधी बाहेर जायला वाट नसलेला मोठा खळगा लागतो. हिमालयात असे खळगे तयार करणारी मंडळी बरीच: हिमनद्या खडक कोरतात, जाताना दगडगोट्यांचा बांध मागे ठेवतात, कधी अख्खी दरड कोसळून नदी अडते, कधी जमीनच खचते. चंद्रताल, नैनिताल ही त्यातली नावाजलेली उदाहरणं. आपल्याकडे यातलं फारसं काही घडलेलं नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून हा दगड तयार झाला. त्यावर हिमनद्या कधी वाहिल्या नाहीत, पण पाऊस मात्र तेव्हापासून कोसळतोय. एवढ्या अवधीत नद्यांनी जवळपास प्रत्येक खळग्याला बाहेर जायची वाट कोरून ठेवली आहे. त्यामुळे सह्याद्रीत डोंगरांच्या मध्ये मोठं पाणी दिसलं, की खुशाल समजावं, खाली कुठेतरी भिंत आहे.

आणि भिंत कुणी हौस म्हणून बांधत नाही. महाबळेश्वरचं वेण्णा लेक सातारच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधवलं, ते गावाच्या पाण्यासाठी. कासचा तलाव सातारा शहराला पाणी देतो, त्याच्या वरच्या पठारावरची फुलं नंतर प्रसिद्ध झाली. लोणावळ्याचं भुशी धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांची तहान भागवायला बांधलं होतं. तिथलंच वळवण आणि पुढचं मुळशी टाटांच्या विजेसाठी. कोयनेचा शिवसागर विजेसाठी. भंडारदरा शेतीसाठी.

तेव्हा जाण्याआधी विचारायचा प्रश्न एकच: या तलावाचं काम काय? कारण तो कधी भरतो, कधी उतरतो, किती वेगानं उतरतो, हे सगळं त्या कामावर ठरतं. वेण्णा लेकसारखं लहान, गावाशेजारचं पाणी वर्षभर साधारण सारखं दिसतं. शेतीचं धरण उन्हाळ्यापर्यंत खंगतं. विजेचं धरण वर्षभर थोडंथोडं खाली जात राहतं. आणि भंडारदऱ्याच्याच वरच्या अंगाला घाटघरला तर एक वेगळाच प्रकार आहे. तिथल्या २५० मेगावॉटच्या प्रकल्पात विजेची मागणी वाढली की वरच्या तलावातलं पाणी कोकणाच्या बाजूच्या खालच्या तलावात सोडून वीज करतात, आणि मागणी पडली की तेच पाणी पंपानं पुन्हा वर चढवतात. या दोन तलावांची पातळी ऋतूवर नाही, घड्याळावर चालते.

आता भंडारदरा.

प्रवरा नदी रतनगडाच्या कुशीत उगम पावते. १९१० साली तिच्यावर धरणाचं काम सुरू झालं आणि १९२६ साली ते पुरं झालं. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन, म्हणून नाव विल्सन डॅम; आतल्या पाण्याचं नाव आर्थर लेक. गावात मात्र कुणी ही नावं घेत नाही. धरण म्हणतात, आणि मागच्या पाण्याला फुगवटा. मला हा शब्द फार आवडतो. बॅकवॉटर म्हटलं की केरळ आठवतं. फुगवटा म्हटलं की वाहणारी नदी भिंतीला अडून मागे मागे फुगत गेलेली डोळ्यांसमोर येते, आणि प्रत्यक्षात तसंच झालेलं असतं.

या धरणाची क्षमता ११,०३९ दशलक्ष घनफूट, म्हणजे बातम्यांत म्हणतात तसं ११ टीएमसी. टीएमसी हा शब्द आपण रोज वाचतो आणि रोज सोडून देतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३२ कोटी लिटर. याचं भावंड म्हणजे क्युसेक: सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, दीड-दोन बादल्या. टीएमसी साठ्याचं माप, क्युसेक वाहण्याचं. दोन्ही जोडायचे तर एवढं लक्षात ठेवलं की पुरे: ११,५७४ क्युसेक पाणी अख्खा एक दिवस वाहिलं की एक टीएमसी होतं. धरणातून साडेअकरा हजार क्युसेक सोडलंय असं वाचलं, तर चोवीस तासांत एक टीएमसी खाली जाणार.

हे ११ टीएमसी येतं कुठून, तर घाटमाथ्यावरून. घाटघर-रतनवाडीकडे एका मोसमात पाऊस ५ हजार मिलिमीटरच्या घरात जातो. त्याच नदीवर खाली उतरत संगमनेरला पोचलं की आकडा ५००च्या आसपास येऊन ठेपतो. एकाच नदीच्या काठावर दहापट फरक! धरण या फरकासाठीच आहे. बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्यापर्यंत ते भरतं. त्यानंतरचं पाणी खाली निळवंडे धरणात आणि पुढे कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीकडे जातं. आवर्तनानं जातं. आवर्तन म्हणजे पाळी: ठरावीक दिवस पाणी सोडायचं, मग बंद, मग पुन्हा. खरिपाचं, रब्बीचं, उन्हाळी. प्रवरानगरला १९५०च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, तो याच पाण्याच्या भरवशावरच्या उसावर. तंबूवाल्याचं उत्तर म्हणजे सत्तर-पंचाहत्तर वर्षांचा इतिहास होता, चार शब्दांत.

शिवाय एक दावेदार आणखी खाली बसला आहे. प्रवरा पुढे गोदावरीला मिळते आणि गोदावरी मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात जाते. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या आत असेल, तर वरच्या धरणांनी खाली पाणी सोडायचं, असं समन्यायी वाटपाचं सूत्र आहे. यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात कोर्टकचेऱ्या, रास्ता रोको सगळं झालेलं आहे. फिरायला जाणाऱ्याच्या दृष्टीनं अर्थ एवढाच, की पाऊस बरा झालेल्या वर्षीही दिवाळीच्या सुमारास भंडारदऱ्याची पातळी उतरलेली दिसू शकते. डोंगरात पाऊस पुरेसा झाला, मराठवाड्यात झाला नाही, एवढं कारण त्याला पुरतं.

इथे टक्केवारीची एक गंमत सांगतो, कारण माझा मावसभाऊ तिथेच फसला. तो निघण्यापूर्वी पेपरात बघून निघाला होता, तेव्हा साठा चाळीस टक्क्यांच्या वर होता. त्याला वाटलं, अर्ध्याच्या जवळपास आहे, म्हणजे पाणी असेल की. पाणी होतंच. पण धरण बादलीसारखं सरळ नसतं, नरसाळ्यासारखं असतं: वर रुंद, खाली अरुंद. वरच्या थोड्या फुटांत भरपूर पाणी मावतं. म्हणून साठा निम्मा झाला तरी भिंतीपाशी पाण्याची उंची निम्म्याहून बरीच जास्त असते. तिथे, शेंडी गावाच्या बाजूला, मे महिन्यातही नाव चालेल एवढं पाणी दिसतं. फुगवट्याचं शेपूट मात्र उथळ. नदीचं पात्र तिथे हळूहळू चढत गेलेलं असतं, त्यामुळे पातळी काही फूट उतरली की काठ शेकडो फूट मागे सरकतो. रतनवाडीच्या बाजूचं पाणी आधी जातं, भिंतीजवळचं शेवटी. त्याचा तंबू शेपटाकडे होता. चाळीस टक्के खरे, दहा मिनिटांचा चिखलही खरा.

पातळी किती उतरली हे तिथे उभं राहून स्वतःलाच मोजता येतं. समोरच्या उतारावर बघा. एका उंचीच्या वर झाडं, करवंदीच्या जाळ्या, गवत. त्या उंचीच्या खाली काही नाही, नुसता फिकट, गाळानं माखलेला दगड, आणि त्यावर बाथटबला बसतात तशा आडव्या रेघा. झाडी संपते ती पूर्ण भरल्याची खूण. खालची प्रत्येक रेघ म्हणजे पाणी काही दिवस तिथे थांबलं होतं, मग पुन्हा आवर्तन सुटलं. एकदा हे बघायची सवय लागली की कुठल्याही धरणावर नजर आधी तिकडेच जाते.

याच उतारात सगळ्यात मोठा धोकाही आहे, आणि तो कुठल्याही पाटीवर लिहिलेला नसतो. सह्याद्रीचे डोंगर लांबून बघा: कडा, मग सपाट पट्टी, पुन्हा कडा, पुन्हा पट्टी. लाव्हाच्या थरांची ही पायरी. या खडकाला डेक्कन ट्रॅप म्हणतात, त्यातला ट्रॅप हा शब्दच मुळात जिन्यासाठीच्या स्कँडिनेव्हियन शब्दावरून आला आहे. आता धरण म्हणजे काय, तर हाच जिना अर्ध्यापर्यंत पाण्यात बुडवलेला. पायऱ्या पाण्याखाली संपत नाहीत. माणूस घोट्याएवढ्या पाण्यात उतरतो, गुडघ्याएवढ्या पाण्यात दहा पावलं आरामात चालतो, तळ सपाट लागतो, धीर येतो. अकरावं पाऊल पायरीच्या कडेवरून पडतं आणि खाली पंधरा फूट पाणी असतं. समुद्रकिनाऱ्यासारखा हळूहळू खोल होत जाणारा तळ इथे गृहीत धरता येत नाही. भरीला शेवाळलेला दगड, आणि पाणी उतरलेलं असेल तर वरून सुकलेला, आतून लोण्यासारखा गाळ. त्यात पाय गुडघ्यापर्यंत गेला की काढताना आधी चप्पल जाते, मग तोल.

पोहता येतं त्यांनाही हे लागू आहे. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून कोमट होतं, हलकं होतं आणि वरच राहतं. खालचं गारच राहतं. दोन थर एकमेकांत मिसळत नाहीत. कोमट पाणी बघून सूर मारला की छाती एकदम गारठ्यात जाते, श्वास आपोआप आत ओढला जातो, आणि तो पाण्याखाली ओढला जाऊ नये. आत जुन्या झाडांचे बुंधे, बांध, कधी विहिरीही असतात. इथे गाव होतं, शेतं होती, हे विसरायचं नाही.

धरणाच्या वरची बाजू झाली. आता भिंतीच्या खाली, जिथे बाग आहे, जिथे लोक डबे घेऊन बसतात.

भंडारदऱ्याच्या भिंतीच्या पायथ्याशी अंब्रेला फॉल आहे. घुमटासारख्या खडकावरून पाणी छत्रीसारखं चहूकडे पसरतं, खरोखर देखणं. पण हा धबधबा तोटीचा आहे. भिंतीतला व्हॉल्व्ह उघडला की सुरू, बंद केला की कोरडा खडक. पावसाळ्यात गेलात आणि दिसला नाही, तर आश्चर्य वाटून घेऊ नका. पुढचा रंधा धबधबा नदीचाच, पण त्याची धारही वरून किती सोडलंय त्यावर ठरते.

म्हणजे भिंतीखालची नदी पावसावर चालत नाही, हुकमावर चालते. डोक्यावर स्वच्छ ऊन असताना ती वाढू शकते. ८ जून २०१४ रोजी हिमाचलात बियास नदीच्या पात्रातल्या दगडांवर हैदराबादचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी फोटो काढत उभे होते. वरच्या लारजी जलविद्युत प्रकल्पातून पाणी सोडलं गेलं आणि २४ विद्यार्थी व त्यांच्यासोबतचा एक जण वाहून गेले. पाऊस नव्हता. पात्रातले दगड कोरडे होते, म्हणून तर ते त्यांच्यावर गेले होते.

आकड्यानं बघू. विसर्ग १० हजार क्युसेक असेल, तर सेकंदाला २.८३ लाख लिटर; दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर दर सेकंदाला. मोठ्या पावसात मोठ्या धरणांचे विसर्ग याच्या कितीतरी पट असतात. कोयनेच्या बातम्यांत 'पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक' असं वाचलं, तर ते रोजचं, वीज करून सोडलेलं पाणी. 'सांडव्याचे वक्राकार दरवाजे उचलले' असं वाचलं, की त्या दिवशी नदीकाठचा बेत रद्द करावा. दरवाजे उचलण्यापूर्वी भोंगा वाजतो, पण पाच-सात किलोमीटर खाली धबधब्याच्या आवाजात तो कुणाला ऐकू येणार?

म्हणून नदीकडेच बघायचं. बसल्यावर पाण्याला टेकलेला एखादा दगड मनात धरून ठेवायचा आणि अधूनमधून त्याच्याकडे नजर टाकायची. तो बुडाला की उठायचं. पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा आणि काटक्या वाहून यायला लागल्या, आवाज जाडसर झाला, तर दगडाचीही वाट बघायची नाही. आणि मुलांना पात्राच्या मधल्या खडकावर कधी सोडायचं नाही, कारण पाणी चढतं ते आधी त्या खडकाच्या आणि काठाच्या मधल्या घळीत.

धरण नसलेला ओढा याहून बरा, असं वाटत असेल तर तसंही नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या डोंगरातल्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण गेले. तिथे कुणी दरवाजा उचलला नव्हता. पावसाळ्याच्या सुरुवातीला माती पाणी पिते. ती भरली की खालचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा तो काळा दगड, काही पीत नाही. मग वर पडलेली सर थेट ओढ्यात उतरते. उतार छोटे आणि उभे, त्यामुळे माथ्यावरची सर खाली पोचायला काही मिनिटं पुरतात. तुमच्या डोक्यावर रिमझिम आणि माथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस, हे सह्याद्रीत रोजचं आहे. धरणाखालच्या नदीची निदान बातमी तरी येते.

सगळ्याच काठांना इतकं भ्यायचं कारण नाही. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा कृष्णेचा घाट आहे. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत मिळालेली पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे. वरती धोम धरण, त्यामुळे घाटाच्या किती पायऱ्या पाण्यात असतील ते धोममधून नदीत किती सोडलंय यावर. पायऱ्या कोरड्या असल्या तरी घाट तोच, सावली तीच. तिथे पाणी बघायला न जाता बसायला जावं.

बेत आखताना मी काय करतो, ते सांगतो. जलसंपदा विभाग रोजचा धरणसाठा जाहीर करतो, स्थानिक पेपरांत तो छापूनही येतो. साठा, विसर्ग आणि मागच्या वर्षी याच तारखेचा साठा, हे तीन आकडे बघतो. भरलेलं, शांत पाणी बघायचं तर सप्टेंबर अखेर ते डिसेंबर. ओसंडणारं धरण बघायचं तर ऑगस्ट, पण लांबून. शिवसागरातून बोटीनं वासोट्याला जायचं तर बामणोलीला वनखात्याची परवानगी घ्यावी लागते आणि पावसाळ्यात ती वाट बंद असते, तेव्हा हिवाळा. मुळशी आणि कोयनेला गेलो की एक गोष्ट मनात येतेच: या नद्या मुळात पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे जाणाऱ्या, त्यांचं पाणी बोगद्यांनी फिरवून सह्याद्रीच्या पश्चिमेला कोकणात टाकलं आहे, कारण उंचीचा तो फरक विजेला हवा आहे. मुळशीचं पाणी भिऱ्याला उतरतं, कोयनेचं पोफळीला आणि तिथून वाशिष्ठीत. मुळशीच्या त्या भिंतीविरुद्ध शेतकऱ्यांनी १९२१ पासून सेनापती बापटांसोबत सत्याग्रह केला होता. गावं तरीही गेली.

मे महिन्यात जायलाच नको, असं मात्र मी मावसभावाला म्हटलं नाही. उतरलेल्या धरणाचा काठ ही वेगळी जागा असते. अनेक धरणांवर पाणी हटलेल्या जमिनीत लोक पीक घेतात, तिला गाळपेर म्हणतात. गाळातून जुने बांध वर येतात, एखाद्या रस्त्याची मोरी, जात्याचं तुटकं पाळं. भोर तालुक्यात भाटघर धरणात कांबरेश्वराचं दगडी देऊळ आहे. वर्षातले बहुतेक महिने ते पाण्याखाली असतं आणि मे-जूनमध्ये थोडे दिवस उघडं पडतं. तेवढ्या दिवसांत आसपासच्या गावांतले लोक येतात, गाभाऱ्यातला गाळ उपसतात, पूजा करतात. जुलैत वेळवंडीचं पाणी चढतं आणि देऊळ पुन्हा आत जातं.